डोंग्यातला मुका मास्तर

माझा आवाज मोठा होता. गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावरून मी हाक मारली की तिसऱ्या बांधीत धान कापणारा माणूस कंबर सरळ करून वळून पाहायचा. गोंदियाच्या ज्या शाळेत मी गणित आणि भूगोल शिकवत असे, तिथे शेजारच्या वर्गातले मास्तर म्हणायचे, "तुमचा तास असला की आम्ही नुसते बसून राहतो. आमची पोरं तुमचंच ऐकतात." मला ते कौतुक वाटायचं. त्यात तक्रारही होती, हे बरंच नंतर लक्षात आलं.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराला तो आवाज बसला. आधी गार पाण्याला दोष दिला, मग खडूला. दिवाळीनंतर वर्गात 'समांतर' म्हणायला गेलो तर नुसती हवा निघाली. गावातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, "मास्टरजी, गांठ है. नागपूर जाके दिखाओ." नागपूरला गाठ काढली आणि तपासायला पाठवली. ते आठ दिवस मी आणि बायको एकमेकांकडे न पाहता जेवत होतो. गाठ साधी निघाली. पण सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं की तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

जीव वाचला याचा आनंद मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवसापासून मी घरात वाघासारखा येरझाऱ्या घालू लागलो. गळ्यात दोरीने एक छोटी वही आणि पेन्सिल अडकवली होती. काही हवं असलं की स्टीलच्या ग्लासावर पेन्सिल वाजवायची, बायको आली की लिहून दाखवायचं. दूध उतू जाईल. गेट लावलं का. वरणात हिंग कमी आहे. आठवड्याभरात वही भरली. बायकोने ती उलटून पाहिली आणि म्हणाली, "तुम्ही बोलत होते तेव्हा एवढा त्रास नव्हता."

तिची बहीण अर्जुनीला राहते. तिथे चार दिवस जाऊ, असं तिनेच ठरवलं. एका सकाळी तिथून नवेगावबांधला जायचं, तलावात डोंग्याने फिरायचं आणि पलीकडच्या जंगलात गाईडबरोबर पायी चालायचं, हेही तिनेच ठरवलं. मी लिहिलं, 'कशाला?'

"तिथे बोलायचं नसते म्हणतात," ती म्हणाली. "तुम्हाला बरं पडेल."

काळी-पिवळीने आम्ही उजाडता उजाडता बांधावर उतरलो. थंडी चांगलीच होती. पाण्यावर धुक्याचा थर होता आणि समोरचे डोंगर कमरेपासून वरच दिसत होते. आमचा गाईड काठाशी डोंग्यातलं पाणी डब्याने उपसत होता. पन्नाशीचा ढिवर, अंगाने काटकुळा, अंगात खाकी शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत धोतर. जन्म त्याचा मासेमारीत गेला होता. आता हिवाळ्यात पाहुणे आले की तो त्यांना फिरवायचा.

"बसा जी," तो म्हणाला. "मधात बसा, काठाले धरू नोका. अन् एक गोष्ट आधीच सांगतो. डोंग्यात बोलायचं नाही. लोक येतात, गाणे म्हनतात, मंग मलेच विचारतात का पाखरं कुठं गेले."

"हे बोलत नाहीत," बायको माझ्याकडे हात करून म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. गळ्यातली वही पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर एकदम अशी माया आली की मला समजेना काय झालं. त्याने पुढे होऊन माझा हात धरला, लहान मुलाला धरतात तसा, आणि मला डोंग्यात नीट बसवलं. खांद्यावर दोनदा थोपटलं. तेव्हा कळलं, त्याने मला जन्माचा मुका समजलं होतं. मी बायकोकडे पाहिलं, ती पाण्याकडे पाहत होती. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळं सांगायचं तर नागपूरपासून सुरुवात करावी लागली असती. डोंगा तर सुटून गेला होता."

त्यानंतर तो माझ्याशी हातानेच बोलू लागला. पंजा आडवा धरला की थांबा. दोन बोटं वाकवली की तिकडे पाहा. मूठ छातीशी नेली की अगदी गप्प, श्वाससुद्धा हळू. त्याची ही खुणांची भाषा जुनीच असणार, पहाटे जाळं टाकताना दोन डोंग्यांमध्ये चालणारी. मला ती अर्ध्या तासात आली. बावीस वर्षं मी शिकवत होतो, आणि इतक्या लवकर काही शिकल्याचं मला आठवत नाही.

धुकं उठलं तसा त्याने डोंगा उथळ बाजूला घेतला. तिथे झाडं पाण्यातच उभी होती. अर्जुनाची, जांभळाची, मधूनच करंजाची. पावसाळ्यात चढलेलं पाणी अजून उतरलं नव्हतं. बुंध्यांवर जुन्या पातळ्यांच्या रेघा होत्या आणि मुळांच्या जाळीतून लहान मासे ये-जा करत होते. वल्हं बाजूला ठेवून तो बांबूने तळ ढोसत डोंगा झाडांमधून नेत होता. फांद्या इतक्या खाली की आम्ही मान वाकवून बसलो होतो. मी दरवर्षी नववीला किनारपट्टीचा धडा शिकवत असे. फळ्यावर खारफुटीचं चित्र काढायचं, पाण्यात उभी झाडं, वर आलेली मुळं, मुळांत लपलेले मासे. समुद्र मी एकदाच पाहिला होता, मुंबईला परीक्षकांच्या बैठकीला गेलो तेव्हा, आणि तोही किनाऱ्यावरच्या भिंतीवरून. खारफुटीचं जंगल कधीच नाही. तरी एवढ्या खात्रीने शिकवायचो की कोणा पोराने विचारलंच नाही, सर, तुम्ही पाहिलं का?

त्या झाडांमध्ये बसल्यावर मला माझ्या चित्रात काय राहिलं होतं ते कळलं. वास राहिला होता, कुजलेल्या पानांचा आणि ओल्या सालीचा. आवाज राहिले होते. पाणकावळा पंख झटकतो त्याचा. खोडाला पाणी लागतं त्याचा, मांजर दूध पितं तसा.

गाईडची मूठ छातीशी गेली. मग दोन बोटं. समोरच्या आडव्या पडलेल्या खोडावर पाच पाणमांजरं चढत होती. ओली, काळपट, चकचकीत. एकाच्या तोंडात मासा होता आणि बाकीची त्याच्यामागे लागली होती, अगदी मधल्या सुट्टीत डबा पळवणाऱ्या पोरांसारखी. एक थांबलं, मागच्या पायांवर उभं राहिलं आणि आमच्याकडे पाहत राहिलं. आम्ही तिघंही हललो नाही. त्याला आमच्यात विशेष काही दिसलं नसावं, कारण ते पुन्हा मासा पळवायच्या खेळात गेलं. किती वेळ गेला कोण जाणे. ती पाण्यात उतरून गेली तेव्हा बायकोचे डोळे भरले होते. गाठीचा निकाल येईपर्यंतचे आठ दिवस ती रडली नव्हती. मी पाहतोय हे लक्षात येताच तिने पदराने डोळे पुसले आणि मान वळवली.

पलीकडच्या काठावर आम्ही उतरलो आणि जंगलात चालू लागलो. गाईडने आधी बायकोच्या हातातल्या बांगड्या पाहिल्या, खांद्यावरचं गमछ्यासारखं फडकं काढलं आणि अदबीने पुढे केलं. "बाई, हे बांधून घ्या. किणकिण नोको."

वाट साज आणि धावड्याच्या झाडांतून जात होती. तो पुढे, बायको मधे, मी मागे. तो मधून मधून वाळलेलं पान चुरून वर सोडायचा आणि भुगा कुठे जातो ते पाहायचा. वारा समोरून होता. एका वळणावर त्याचा पंजा आडवा झाला तो खालीच आला नाही. वीस-पंचवीस पावलांवर एक अस्वल वारूळ उकरत होतं. मादी होती. पाठीवर पिल्लू, केसांत बोटं रुतवून बसलेलं, आणि आई माती उपसेल तसं ते वरखाली हलत होतं. माती फुंकण्याचा आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता, भात्यासारखा.

मी बायकोच्या मागेच होतो. तिचे खांदे वर गेलेले दिसले. ती ओरडणार असं मला वाटलं. नेहमीचा मी असतो तर 'घाबरू नको' असं मोठ्याने म्हणालो असतो, आणि मग काय झालं असतं ते सांगायला नको. माझ्याजवळ शब्द नव्हते म्हणून मी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. खांदे हळूहळू खाली आले. गाईडने मागे न पाहता हाताने पावलं मोजून दाखवली. एक मागे, थांबा. एक मागे, थांबा. अस्वलाने एकदा मान वर करून हवा हुंगली आणि पुन्हा नाक मातीत घातलं. दहा-बारा पावलांनी आम्ही वळणाआड झालो.

तिथून जरा दूर एका नाल्याकाठच्या खडकावर आम्ही बसलो. बायकोने डबा उघडला. पोळ्या, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. गाईड आधी नको म्हणाला, मग पोटभर जेवला. बायको डबा धुवायला नाल्याच्या वळणावर गेली आणि आम्ही दोघेच उरलो.

"तुमाले आयकू येते न जी?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"मंग मी बोलतो. कोनाजवळ बोललो नाही." तो जरा वेळ खडकावरची माती नखाने काढत राहिला. "माही पोरगी दहावीत नापास झाली. गणितात. बाकी सगळ्यात पास आहे. निकाल आला तं घरी पाहुणे होते. मले राग आला. मी सगळ्याईसमोर म्हटलं, तू माशेच सुकवशील, तुह्याच्यानं दुसरं होत नाही."

मी ऐकत होतो.

"त्या दिवसापासून बोलत नाही माह्याशी. जेवाले देते, पानी देते, सगळं करते. बोलत नाही. सहा महिने झाले. तिच्या मायसंग बोलते, बकरीसंग बोलते." त्याने माझ्याकडे पाहिलं. "रोज वाटते का म्हनावं, बाई, चुकलो. डोंग्यात एकटा असलो का म्हनून पाहतो. घरी गेलो का निघत नाही. तुमाले देवानं जबान दिली नाही जी. मले दिली, तं तिचा काय उपयोग?"

खरं सांगायचं तर, आवाज असता तर मी त्याला दुसऱ्या वाक्यालाच अडवलं असतं. पालकांनी मुलांना चारचौघांत का बोलू नये यावर माझं एक तयार भाषण होतं, पालकसभेत मी ते दरवर्षी करत असे. ते ऐकून तो 'हो जी' म्हणाला असता आणि पुढचं काही सांगितलं नसतं. किती बापांना मी असं अर्ध्यात गप्प केलं असेल, हा विचार माझ्या मनात तिथे, त्या खडकावर पहिल्यांदा आला.

मी वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मी गणिताचा मास्तर आहे. मुलीला भेटवा.'

तो चौथी शिकलेला होता. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्या तोंडाकडे पाहत अत्यंत काळजीने विचारलं, "मुका मास्तर? शाळेत ठेवते कसे तुमाले?"

मला हसू आवरेना, आणि हसायलाही बंदी होती. मी पोट धरून, तोंड दाबून खडकावर वाकलो. बायको धावत आली. तिला वाटलं काही झालं. मग तिने नागपूरपासून सगळं सांगितलं. तो हात जोडून उभाच राहिला. "माफ करा जी गुरुजी. मी तुमाले..."

"बरं झालं," बायको म्हणाली. "कोणी तरी त्यांच्यावर दया केली."

परतीला दुपार कलली होती. तो आम्हाला बांधाखालच्या आपल्या घरी घेऊन गेला. कुडाच्या भिंती, स्वच्छ सारवलेलं अंगण, वळणीवर जाळी. मुलगी सोळा-सतरा वर्षांची. तिने आम्हाला पाणी दिलं, बापासमोर तांब्या ठेवला आणि आत गेली. त्याने सांगितलं तसंच होतं, तिच्या डोळ्यांनी बापाला ओलांडून जायची सवय लावून घेतली होती. तिची आई चहा ठेवायला गेली. बायकोने मुलीला बोलावून सांगितलं की हे गणिताचे सर आहेत, यांना सध्या बोलता येत नाही, पण तुझी वही पाहायची आहे. 'बोलता येत नाही' म्हटल्यावर मुलगी जरा सैलावली असं मला वाटलं. वही घेऊन ती समोर बसली.

मी पानं उलटली. वहीत आळस नव्हता. उदाहरणं पुन्हा पुन्हा सोडवलेली होती, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकाच जागी वाट चुकलेली. कंसाबाहेर वजा असेल तर आतलं पहिलं चिन्ह ती बदलायची आणि दुसरं तसंच ठेवायची. एवढंच. कोणत्या तरी वर्गात, कोणत्या तरी मास्तरच्या मोठ्या आवाजात, ते दुसरं चिन्ह तिला ऐकू आलं नव्हतं. तो मास्तर मीसुद्धा असू शकलो असतो.

मी कोळशाच्या तुकड्याने अंगणातल्या सपाट दगडावर कंस काढला. आत दोन खडे ठेवले, अधिकसाठी पांढरा, वजासाठी काळा. बाहेर वजा. खुणेने विचारलं, काय होईल? तिने पांढरा उचलून काळा ठेवला. मी थांबलो. दुसऱ्या खड्याकडे नुसतं पाहिलं. तीही पाहत राहिली. एरवी मी एवढा वेळ कोणाला दिलाच नसता, उत्तर सांगून मोकळा झालो असतो. तिने हळूच दुसरा खडा उचलला, त्या जागी पांढरा ठेवला, आणि वर पाहिलं. मी मान हलवली.

मग ती थांबेना. वहीतली जुनी उदाहरणं काढून एकेक सोडवू लागली. मी चुकलं तिथे बोट ठेवायचो, ती खोडायची. कोणी बोलत नव्हतं. बाप दाराशी गुडघे उभे करून बसला होता, हलत नव्हता, सकाळी पाणमांजरांसमोर बसला होता तसा. उन्हं गेली, अंगणात अंधारू लागलं. मुलगी वहीवर वाकली होती. मान वर न करता ती म्हणाली,

"बाबा, दिवा आणा न. दिसत नाही."

तो इतक्या घाईने उठला की दाराजवळचा पाण्याने भरलेला पितळी गुंड लवंडला. दिवा आणला. तिच्याजवळ ठेवला, मग जरा अलीकडे सरकवला, मग पलीकडे. "इथं बरं आहे?"

"हो," ती म्हणाली.

तो 'चुकलो' म्हणाला की नाही, कधी म्हणाला, मला माहीत नाही. तिची आई चुलीजवळून पाहत होती आणि चहा केव्हाचा उकळून आटत होता.

नंतर पोस्टकार्डं सुरू झाली. मी गोंदियाहून पाच उदाहरणं लिहून पाठवायचो, ती उत्तरं पाठवायची. मार्चपर्यंत असं चाललं. एका कार्डावर तिने खाली बारीक अक्षरात भूगोलाचा प्रश्न विचारला, की आमच्या तलावातली झाडं म्हणजे खारफुटी का? मी लिहिलं की नाही, पण तशीच. तिचं उत्तर आलं, 'सर, तशीच नाही. आमची झाडं चार महिने पाण्यात राहतात आणि मग मोकळी होतात. बाराही महिने पाणी राहिलं तर मरतात. मी पाहिलं आहे.' ते कार्ड मी नववीच्या वर्गात वाचून दाखवलं.

ती पास झाली. पुढे बारावी केली, नर्सिंगचं शिक्षण घेतलं. आता ती तिकडेच एका उपकेंद्रात आहे, आणि तिचं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं मांडवात पहिल्या रांगेत होतो.

माझा आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. पातळ, जरा घोगरा, तिसऱ्या बाकापर्यंत जाणारा. शाळेत गेल्यावर पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. साठ पोरांचा वर्ग या आवाजाला कसा आवरणार? मी बोलायला सुरुवात केली, मागच्या पोरांना ऐकू येईना. त्यांनी पुढच्यांना गप्प केलं. मग सगळेच गप्प झाले आणि ऐकू लागले. मीही तेव्हापासून प्रश्न विचारून थांबायला लागलो. शेजारच्या वर्गातले मास्तर एकदा म्हणाले, "आता आमचीही पोरं आमचं ऐकतात." त्यात कौतुकच होतं.

डॉक्टरांचे उपकार मी मानतो. बायकोचे तर मोजायच्या पलीकडचे आहेत, तिने मला तिथे नेलं नसतं तर मी ते तीन आठवडे ग्लास वाजवत काढले असते. पण त्या ढिवराचं ऋण कसं सांगावं ते मला अजून समजत नाही. त्याला वाटतं मी त्याच्यासाठी काहीतरी केलं. उलट त्यानेच माझ्यासाठी केलं, असं मी सांगायला गेलो की तो हातानेच मला गप्प करतो.

दरवर्षी शिंगाड्यांचा हंगाम आला की तो कोणाच्या तरी हाती गोंदियाला पिशवी पाठवतो. हिरवे, ताजे, काट्यांसकट, तळाला चिखल लागलेले. बायको ते उकडते आणि आम्ही ओट्यावर बसून सोलतो. काटा बोटाला लागतोच. आम्ही सोलत राहतो आणि बराच वेळ कोणी काही बोलत नाही.